हरकती व सूचना

वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसा आवडीने वाचणारी माणसे फार थोडी. त्या थोड्यांत आमची गणना करावी लागेल. अग्रलेख, वाचकांचा पत्रव्यवहार आणि क्रिकेटचा मजकूर उरकला, की उरलेल्या चहाबरोबर आम्ही आतल्या पानाच्या कोपऱ्यातील ती बारीक टाइपाची चौकट वाचावयास घेतो. तीत काव्य नसते हे खरे. परंतु ज्या रस्त्यावरून आपण नित्य जातो त्याची रुंदी, ज्या मैदानावर आळीतील मुले खेळतात त्याचे भवितव्य आणि ज्या झाडाखाली रिक्षावाले दुपारची झोप घेतात त्याचे आयुष्य, ह्या तिन्हींचा निकाल अशाच एखाद्या चौकटीत लागावयाचा असतो. मौजा अमुक, खसरा क्रमांक तमुक, येथील जागा क्रीडांगणाच्या आरक्षणातून वगळून निवासी विभागात घेण्याचे योजिले आहे. ज्या कोणास ह्यासंबंधी हरकती वा सूचना करावयाच्या असतील त्याने त्या मुदतीत लेखी सादर कराव्यात. नकाशा कचेरीच्या वेळात पाहावयास मिळेल. मजकूर एवढाच असतो. आजवर वाचलेल्या अशा नोटिशींत आम्हांस एक गोष्ट सारखी दिसत आली आहे, ती ही, की ‘सूचना’ हा शब्द नेहमी ‘हरकती’च्या मागून येतो. नोटीस काढणाऱ्याने वाचकाचे एक चित्र मनाशी आधीच रेखाटलेले असते, आणि ते वाट अडवून उभ्या राहिलेल्या माणसाचे असते.

हरकत हा शब्द मुळात अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ हालचाल, चलनवलन. उर्दूत तो अर्थ अजून जिवंत आहे आणि आमच्या नागपुरात मोमिनपुऱ्याच्या बाजूस गेले असता तो कानावरही पडतो. मराठीत येता येता मात्र ह्या शब्दाचे पाय बांधले गेले. जो हालचाल दाखवीत होता तोच हालचालीस होणारा अडथळा दाखवू लागला. पुढे त्याची मजल अशी गेली, की एखाद्या गोष्टीस संमती द्यावयाची झाली तरी आपण ‘हरकत नाही’ असे म्हणतो. होकारासाठी स्वतंत्र शब्द खर्च न करता नकार नसल्याचे तेवढे कळवावयाचे! बोलण्यात हे शोभूनही दिसते. नगराच्या कारभारात मात्र त्याचा परिणाम गमतीचा होत नाही. मुदतीत हरकत आली नाही म्हणजे गावाची संमती आहे असे धरून चालण्याचा तेथे प्रघात आहे. आणि गाव तर बहुधा गप्पच असते, कारण गावाने ती चौकट वाचलेलीच नसते.

कायद्याने ह्या बाबतीत काही कमी ठेवली आहे असे म्हणता येणार नाही. सन १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये शहराचा विकास आराखडा तयार झाला म्हणजे तो प्रसिद्ध करावा लागतो, त्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि त्या ऐकण्यासाठी एक नियोजन समिती नेमावी लागते. तीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. मंजूर झालेल्या आराखड्यात पुढे फेरफार करावयाचा असला तरीही नोटीस, मुदत व सुनावणी ह्यांतून जावे लागते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष वाटते. ती प्रत्यक्षात कशी चालते हे मात्र कचेरीच्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. आणि तो योग आम्हांस काही वर्षांपूर्वी आला.

शहराच्या दक्षिणेस आमचे राहते घर ज्या लेआउटमध्ये आहे, त्यातून जाणाऱ्या एका नियोजित रस्त्यासंबंधीची ती सुनावणी होती. कचेरी कोणती हे सांगण्याचे कारण नाही. जी गोष्ट आम्ही सांगत आहोत ती कोणत्याही कचेरीत घडू शकेल. अकराची वेळ दिली होती. आम्ही पावणेअकरास पोहोचलो, तो व्हरांड्यातील दोन्ही बाकांवर आमच्याच वस्तीतील मंडळी बसलेली. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर, बँकेतील एक कारकून, इतवारीत कापडाचे दुकान असलेले एक गृहस्थ, भाजीचा ठेला चालविणारी एक बाई, आणि आपल्या आजोबांच्या वतीने आलेला एक कॉलेजचा मुलगा. ह्यांपैकी निम्म्यांची तोंडओळख आम्हांस वीस वर्षांची होती. परंतु एकमेकांनी काय हरकत घेतली आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. ज्याने त्याने आपापला अर्ज वकिलाकडून वा टंकलेखकाकडून लिहवून घेऊन आपापल्या पिशवीत जपून आणला होता.

बारा वाजले, साडेबारा वाजले, आत बोलावणे येईना. तेव्हा त्या मुलाने नकाशाची झेरॉक्स प्रत काढून बाकावरच्या पाचसहा जणांच्या गुडघ्यांवर पसरली. तो नकाशा आम्ही सर्वांनी एकत्र बसून प्रथमच पाहिला. पिवळा रंग निवासाचा, हिरवा बागेचा, आणि त्यांच्यामधून तांबड्या रेघांनी आखलेला तो रस्ता. पाहता पाहता एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. फिटरसाहेबांनी आपल्या अर्जात रस्ता पश्चिमेस सरकवावा असे लिहिले होते; तो तसा सरकला असता तर कापडवाल्यांची पुढची खोली जात होती. कापडवाल्यांनी तो पूर्वेस ढकलला होता. तेथे भाजीवाल्या बाईचे घर होते. प्रत्येकाने आपल्या घरावरील संकट शेजाऱ्याच्या घरावर लोटले होते, आणि तेही कोणताही दुष्टावा मनात नसताना. कारण अर्ज लिहिताना शेजारी समोर नव्हता. पुढे बोलणे वाढले. बाईने विचारले, “नाल्याच्या कडंकडंनं काऊन नाही नेत जी हा रस्ता? तिथं त काहीच नाही, काटेरी झुडपं हायेत.” फिटरसाहेबांनी पेन्सिलीने तशी रेघ मारून पाहिली. कारकुनांनी आक्षेप घेतला, की पावसाळ्यात नाला चढतो. त्यावर भिंत किती उंच घ्यावी लागेल ह्याची चर्चा झाली. तासाभरात त्या बाकावर असा एक मार्ग ठरला, की ज्यात कोणाचेही घर जात नव्हते. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेचा एक तुकडा तेवढा सोडावा लागत होता आणि तो सोडण्यास कापडवाले आनंदाने तयार होते.

इतक्यात शिपायाने पहिले नाव पुकारले. एकेकट्याने आत जावयाचे होते. आत गेलेल्याने आपल्या अर्जात जे लिहिले असेल तेवढेच सांगावयाचे. नवीन काही सांगू गेल्यास ‘हे आपल्या अर्जात नाही’ असे सौजन्याने सुचविले जात होते. बाईने नाल्याची गोष्ट काढली तेव्हा तिचा अर्ज घराविषयी आहे असे तिला सांगण्यात आले. मग जाता जाता तिने विचारले, “मंग अजी साहेब, आमच्या घरासमोरची नाली कधी होईन ते त सांगा.” साहेब म्हणाले, “बाई, तो विषय आजच्या सुनावणीत येत नाही.” साहेब उर्मट नव्हते, त्यांच्यासमोर फायलींचा ढीग होता आणि प्रत्येकास त्यांनी बसावयास सांगितले, हेही नमूद केले पाहिजे. पुढे यथावकाश प्रत्येकाच्या घरी एकेक पाकीट आले. प्रत्येकाची हरकत अमान्य झाली होती. बाकावर ठरलेल्या मार्गाचा उल्लेख कोणत्याही पाकिटात नव्हता, कारण त्या सूचनेस आवक क्रमांक पडलेला नव्हता आणि ती कोणा एकाची नव्हती.

ह्या प्रकारावर पुष्कळ विचार केल्यावर आमची अशी समजूत झाली आहे, की आपल्या शहरांत नागरिकास बोलावयास मिळत नाही ही तक्रार अर्धीच खरी आहे. बोलावयास मिळते, ऐकण्याची संधी मिळत नाही. म्हणजे शासनाने आपले ऐकावे ह्यासाठी दार किलकिले तरी ठेवलेले आहे, परंतु शेजाऱ्याने शेजाऱ्याचे ऐकावे ह्यासाठी दारच नाही. व्हरांड्यात जी घडली ती सभा होती; दाराच्या आत जी घडली ती एकेकाची जबानी होती. शहराला अधिक गरज पहिलीची आहे.

नागपूरच्या इतिहासात ह्याची कारणे शोधू गेल्यास ती सापडतात. येथील नगरपालिका सन १८६४ ची. त्यानंतर १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन ह्यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव निघाला, आणि दुसऱ्याच वर्षी मध्य प्रांतात तद्विषयक कायदाही झाला. लोकांनी आपला कारभार करावयास शिकावे असा त्या ठरावाचा घोष होता. परंतु शिकणारे जरा कोठे पाटी घेऊन बसतात तोच शहराची आखणी त्यांच्या हातून काढून घेण्यात आली. सन १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला. त्याचा अध्यक्ष सरकारने नेमावयाचा आणि शहराची वाढ कोठे व कशी व्हावी हे त्याने पाहावयाचे. प्रन्यासाने कामे केली नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पश्चिम नागपुरातील प्रशस्त रस्ते व बागा पाहून परगावचा पाहुणा आजही तोंड भरून स्तुती करतो. मुद्दा निराळा आहे. पुढे १९४८ च्या कायद्यान्वये २ मार्च १९५१ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली, १९५२ मध्ये निवडणूक होऊन बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर झाले. तथापि ज्यांस लोकांनी निवडून दिले त्यांच्याकडे नाल्या व दिवे, आणि ज्यांस लोकांनी निवडले नाही त्यांच्याकडे शहराचा नकाशा, अशी वाटणी बहुतांशी दीर्घकाळ चालू राहिली. ज्याला दोन सासरे असतात त्याला धड एकही घर नसते. नागपूरचा सामान्य माणूस नालीसाठी महापालिकेत गेला की हा भाग प्रन्यासाचा, आणि प्रन्यासात गेला की ही बाब महापालिकेची, हे उत्तर ऐकत ऐकत म्हातारा झाला.

ह्या दोन उंबरठ्यांच्या मध्ये जी जागा उरली तीत एक तिसरेच शहर उभे राहिले. शेतमालकाने वा एखाद्या गृहनिर्माण संस्थेने शेताचे तुकडे पाडावेत, चुन्याच्या रेघा ओढाव्यात, आणि कारकून, शिक्षक, कामगार अशांनी आयुष्याची पुंजी घालून त्यांवर घरे बांधावीत. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे आकडे नागपूरकरास पाढ्यांसारखे पाठ आहेत. हे त्या अनधिकृत अभिन्यासांच्या याद्यांचे आकडे होत. सन २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांना नियमित होण्याची वाट मिळाली. मग डिमांड भरा, ‘आरएल’ मिळवा, आणि रस्ता, नाली, गडर लाइन ह्यांची वाट पाहत बसा, असा क्रम सुरू झाला. ह्या वस्त्यांचे नियोजन कोणीच केले नाही असे म्हणतात. आम्ही म्हणू, की ते सर्वांनी केले. फक्त कोणीही कोणाशी बोलून केले नाही.

एका माणसाने सभेत उभे राहून काय साधते, असे कोणी विचारील. महात्मा फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि तेही सरकारनियुक्त. सन १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला असता त्यांनी एकट्याने विरोध केला; हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लागावा असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच संमत झाला. पण तो विरोध चार सभासदांनी कानांनी ऐकला, इतिवृत्तात राहिला, आणि आज दीड शतकाच्या सुमारास आम्ही तो येथे लिहीत आहोत. हाच विरोध त्यांनी पाकिटात घालून पाठविला असता तर ‘हरकत अमान्य’ ह्यापलीकडे त्याचे नाव राहिले नसते. पुढे ज्या भव्य मंडईच्या खर्चास त्यांचा विरोध होता, तिलाच पुणेकरांनी त्यांचे नाव दिले. हा सभेने त्यांच्यावर उगवलेला सूड की केलेले प्रायश्चित्त, हे ठरविणे वाचकांवर सोडतो.

आता सभेची गोष्ट निघाली आहे तर आमसभेविषयी दोन शब्द. महापालिकेची आमसभा सर्वांस खुली असते. सभासदांच्या बहुमताने एखादा विषय बंद दाराआड घ्यावा असे ठरविले तरच लोकांस बाहेर ठेवता येते. ह्या हक्काचा उपयोग किती नागरिक करतात? महालातील नगरभवनात सभा भरत असत तेव्हा आम्ही काही वेळा प्रेक्षकांच्या जागेत जाऊन बसलो आहोत. तेथे पत्रकार असत, नगरसेवकांचे कार्यकर्ते असत, आणि आपल्या विषयाचा क्रमांक आला म्हणजे कान टवकारून बसणारा एखादा कंत्राटदार असे. निव्वळ ऐकावयास आलेला मनुष्य आम्हांस क्वचितच भेटला. शेजारी बसलेल्या एका तरुणाने आम्हांस विचारले, “काकाजी, तुमचं कोणतं काम आहे?” काही काम नाही, नुसतेच ऐकावयास आलो आहोत, असे सांगताच त्याने आमच्याकडे अशा करुणेने पाहिले, की आम्ही पुढील विषयास थांबलो नाही.

आणि मग अशी वेळ आली, की ऐकावयासही काही उरले नाही. सन २०१७ मध्ये निवडून आलेल्या १५१ सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक मुदतीपूर्वी झाली पाहिजे असे संविधान सांगते. परंतु आरक्षण व प्रभागरचना ह्यांच्या वादांत ती अडकली, आणि जानेवारी २०२६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. अंदाजपत्रक त्यानेच मांडावे आणि त्यानेच मंजूर करावे. ह्या काळात रस्ते झाडले गेले, दिवे लागले, नळांस पाणीही आले. आणि आम्हांस भय वाटले ते नेमके ह्याचेच. सभा नसतानाही सर्व काही चालते अशी एकदा गावाची खात्री पटली, म्हणजे सभेवाचून काय गेले हे गावास सांगणार कोण? आमच्या ओळखीच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी तर ‘कटकट गेली’ असे उद्गार काढले. चोवीस लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात दर सोळा हजारांमागे एक सभासद येतो. तो एकही चार वर्षे नव्हता, आणि ‘कटकट गेली’!

नागपूरच्या लोकांस सार्वजनिक गोष्टींविषयी आस्था नाही असा ह्यावरून कोणी निष्कर्ष काढील तर तो चुकेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने इतवारीत उभे राहावे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. आणि त्यांच्याबरोबर निघणारे बडगे म्हणजे तर गावाचे चालते अंदाजपत्रकच. महागाई, लाचखाऊपणा, रस्त्यांवरचे खड्डे, तुंबलेल्या नाल्या, डास, ज्याने ज्याने वर्षभर छळले असेल त्याचा पुतळा करावयाचा, त्यावर फलक लावावयाचा, आणि वाजतगाजत गावातून फिरवून त्याची होळी करावयाची. गर्दी इतकी, की मुंगीस वाट नाही. कोणत्याही कचेरीने मागविल्या नसताना गावाने दिलेल्या ह्या हरकतीच होत, आणि त्या प्रत्येक जण दुसऱ्याची वाचत असतो.

ह्या संबंधात पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश पंडिताची आठवण होते. नगररचनेवर लिहिणाऱ्यांत त्यांचे स्थान मोठे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ते अनेक वर्षे हिंदुस्थानात वावरले आणि पुष्कळ गावांसाठी त्यांनी अहवाल लिहिले. त्यांत नागपूरही होते. गाव पाडून नवे बांधण्याऐवजी एखाद्या कुशल शस्त्रवैद्याप्रमाणे आवश्यक तेवढीच चीर द्यावी, आणि त्यापूर्वी गल्लीगल्लीतून पायी हिंडून रोग्याची नाडी पाहावी, असे त्यांचे मत. सन १९१७ च्या सुमारास ते होळकरांच्या इंदुरास गेले. प्लेगाने शहर गांजले होते. गेडिस ह्यांनी दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढविली, आणि आधीच जाहीर करविले, की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या मोहल्ल्यांनी आपली घरे व गल्ल्या सर्वांत स्वच्छ व नीट केल्या असतील त्यांतून ती जाईल. मग काय विचारता! घरांच्या डागडुज्या सुरू झाल्या, उकिरडे उपसले गेले, गाड्या भरभरून घाण गावाबाहेर गेली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगाचा भला थोरला उंदीर होता, शेवटी त्यांचे दहनही झाले. इंदूरच्या ह्या प्रसंगाची वर्णने आम्ही प्रथम वाचली तेव्हा मनात आले, अहो, हे तर आमचे बडगे! त्या परदेशी पंडिताने जे युक्तीने घडवून आणले ते आमच्या जागनाथ बुधवारीतील लोक पिढ्यान्‌पिढ्या आपखुशीने करीत आले आहेत. फरक एवढाच, की इंदुरास राक्षस जाळण्यापूर्वी गल्ली झाडली गेली होती. आमच्याकडे राक्षस जळतो. गल्ली दुसऱ्या दिवशी आहे तशीच असते, कारण राक्षसाचे दहन आणि गल्लीची झाडणी ह्यांच्यामध्ये जी एक बैठक व्हावयास पाहिजे ती होत नाही.

त्या बैठकीची सोय कायद्यात नाही काय? आहे, आणि हीच सर्वांत खेदाची गोष्ट. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. नागपुरात लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत दहा झोन आहेत. प्रभाग समितीवर सेवाभावी संस्थांचे तीनपर्यंत सभासद घेता येतात. पुढे सन २००९ मध्ये महाराष्ट्राने आणखी एक दुरुस्ती करून लगतच्या काही मतदान केंद्रांतील सर्व मतदारांची ‘क्षेत्रसभा’ असावी असे कायद्यात लिहिले. ह्याहून अधिक काय पाहिजे? परंतु तुम्ही आम्ही ज्या क्षेत्रसभेचे जन्मसिद्ध सभासद आहोत तिची नोटीस आम्हांस आजवर आलेली नाही. आणि नोटिसा वाचण्याचा आमचा छंद वर सांगितलाच आहे.

खेड्यातील माणूस ह्या बाबतीत आमच्याहून भाग्यवान आहे. त्याला ग्रामसभा आहे. नागपूरहून एका दिवसात जाता येईल अशा अंतरावर, गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या वाटेवर, मेंढा-लेखा हे गोंडांचे पाचशेच्या आतबाहेर वस्तीचे गाव आहे. तेथे निर्णय सर्वसंमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढील सभेवर जातो. दिल्लीत व मुंबईत आपले सरकार असले तरी गावात आपणच सरकार, अशी त्या गावाची घोषणा सर्वत्र गाजली, आणि सन २००९ मध्ये जंगलावरील सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना झाली. हजारो एकर जंगलाचे काय करावयाचे हे पाचशे माणसे एकत्र बसून ठरवू शकतात. आणि पदवीधरांनी भरलेल्या आमच्या लेआउटात एका नाल्याच्या काठाचे काय करावे हे ठरविण्यास जागा सापडली ती कचेरीच्या व्हरांड्यात.

मोठ्या शहरांस हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांसाठी ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे आहे. तेथे १९८९ पासून मोहल्ल्यांच्या सभांनी अंदाजपत्रकाचा काही भाग ठरविण्यास आरंभ केला. पुणे महापालिकेनेही २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. ती अर्ज भरून देण्याची पद्धत आहे. सभेची सर तिला नाही. तरीपण तीत सूचना आधी आणि हरकत मागून, एवढा पालट तर झाला.

कचेरीत बसणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती आम्ही अनेकदा ऐकली आहे. ते म्हणतात, लोक येतात ते आपल्या प्लॉटपुरते. शहराचा विचार घेऊन कोणी येत नाही. ज्यास वेळ आहे तो बोलतो, म्हणजे पेन्शनर बोलतो. मजुरीवर जाणारा सकाळी अकरास येणार कोठून? आणि प्रत्येकास विचारीत बसलो तर पूल कधी व्हावयाचा? ह्यांतील दुसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो, कारण आम्ही स्वतः पेन्शनर आहोत. भाजीवाल्या बाईने त्या दिवशी अर्ध्या दिवसाची कमाई सोडली होती. आमचे काय गेले? सभा कोठे व किती वाजता भरते ह्यावर तीत कोणाचा आवाज निघेल हे पुष्कळ अवलंबून असते. पहिल्या आक्षेपाविषयी मात्र असे, की ज्यास प्लॉटधारक म्हणून बोलाविले तो प्लॉटविषयीच बोलणार. त्याला निराळ्या नावाने बोलावून पाहा.

तसे बोलाविल्यावाचूनही तो येतो, हे सन २०२०-२१ मध्ये अजनीस दिसले. रेल्वे वसाहतीच्या परिसरात मोठे वाहतूक केंद्र उभारण्याच्या योजनेत हजारो जुनी झाडे जाणार होती. झाडे तोडण्यापूर्वी नोटीस काढून हरकती मागवाव्यात आणि ती नोटीस झाडासही लावावी असे १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात आहे. ह्या हरकती घेणाऱ्यांचा तेथे एक चौरस फूटही प्लॉट नव्हता. तरुण मुले होती, सकाळी फिरावयास जाणारी मंडळी होती, पक्षी पाहणारे होते. हरकती हजारोंनी गेल्या, लोकांनी त्या जागेस ‘अजनी वन’ असे नाव दिले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, आणि तो आराखडा मूळ रूपात पुढे गेला नाही. आमच्या मते त्या लढ्यातील मोलाची गोष्ट अर्जांची संख्या ही नव्हे. लोक रविवारी सकाळी त्या झाडांखाली जमत, कोणते झाड कोणत्या जातीचे हे एकमेकांस दाखवीत, आणि पुढे काय करावयाचे ते तेथेच ठरवीत. अर्ज त्यानंतर लिहिले जात.

दर डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा उभ्या महाराष्ट्रातून मोर्चे नागपुरास येतात. १९५३ च्या नागपूर कराराने आम्हांस हा मान मिळाला. मोर्चा कसा काढावा, कोठे अडविला जातो, निवेदन कोणाच्या हाती द्यावयाचे, हे नागपूरच्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. सभा कशी चालवावी, विषयपत्रिका कशी करावी, न पटणाऱ्याचे कसे ऐकावे, ठराव कसा लिहावा, हे मात्र त्यास कोणी दाखविलेले नसते. दाखविणार कोण, शिकविणारांनीच ते पाहिलेले नाही.

आमच्या लेआउटात हल्ली महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सातला काही लोक जमतात. जागा बुद्धविहाराची, ती मध्यावर आहे, तेथे सतरंज्या आहेत, आणि विहाराच्या मंडळींनी दिव्याचे पैसे घेण्याचे नाकारले. सातची वेळ भाजीवाल्या बाईने सांगितली, कारण तोवर तिचा ठेला उठतो. कॉलेजच्या त्या मुलाला आता नोकरी लागली असून तो नकाशे आणतो. कापडवाल्यांनी आपल्या दुकानातील एक लाल कापडी बांधणीची वही दिली आहे आणि तीत इतिवृत्त लिहिण्याचे काम, अक्षर बरे म्हणून, आमच्याकडे आले आहे. क्षेत्रसभा म्हणून आम्हांस कोणी मान्यता दिलेली नाही आणि आम्ही ती मागितलेलीही नाही. गेल्या बैठकीस एकतीस माणसे होती, त्यांत स्त्रिया बारा. नालीचा विषय तीन बैठका चालला आहे, कारण ती पूर्वेकडे उतरवावी की नाल्याकडे, ह्यावर फिटरसाहेब आणि कारकून ह्यांचे अद्याप एकमत नाही. पुढील रविवारी सर्वांनी सकाळी दोरी आणि पाण्याची नळी घेऊन प्रत्यक्ष उतार मोजावयाचा असे ठरले आहे.